माहीमच्या वाडीतून उचललेली गाडी

जुनी गाडी बघायला जाताना मी मुद्दाम साधे कपडे घालायचो. कॉलर विरलेला शर्ट, पायात रबरी चप्पल, मनगटावर घड्याळ नाही. खिशात मात्र एक लोहचुंबक असायचं, मऊ फडक्यात गुंडाळलेलं. ते गाडीच्या अंगावरून हलकेच फिरवायचं. चिकटलं तर खाली खरा पत्रा, घसरलं तर गंज लपवायला थापलेली पुट्टी. मालक शेजारी उभा असला तर मी प्रेमाने हात फिरवतोय असंच त्याला वाटायचं. हे सगळं मी परदेशात शिकलो आणि आपल्या गावाशेजारी येऊन वापरलं. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

मी केळव्याचा. बोईसरला एका कारखान्यात मीटर आणि व्हॉल्व्ह सांभाळायचं काम आठ वर्षं केलं, मग त्याच कामावर मस्कतला गेलो. सुरुवातीला बायको आणि मुलगी माझ्याबरोबर होत्या. मुलीची दहावी जवळ आली तशा त्या पालघरच्या फ्लॅटवर परत आल्या आणि मी तिकडे एकटा राहिलो. एकट्या माणसाला तिकडचा सुट्टीचा शुक्रवार फार लांब वाटतो. त्या रिकाम्या शुक्रवारांमुळे मला जुन्या गाड्यांचा नाद लागला.

पहिली गाडी मी खरोखर आवडली म्हणून घेतली, एवढं स्वतःच्या बाजूने सांगतो. दोन दारांची, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची इंग्लिश गाडी होती. चोक ओढायचा, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, मग ती खोकत खोकत जागी व्हायची. पहाटे काचा खाली करून समुद्राच्या कडेने निघालो की इंजिनाची ऊब पायाला लागायची आणि प्रत्येक गिअर हाताला कळायचा. तासभर मी फोनकडे बघायचो नाही. इतकं साधं सुख मला त्याआधी बरीच वर्षं मिळालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी एका दुकानाच्या मोकळ्या आवारात अशा गाड्यांचे शौकीन जमायचे. बरेचसे गोरे, काही ओमानी, मराठी मी एकटा. कॉफी प्यायची, बोनेट उघडायचं, एकमेकांच्या गाड्या वाकून बघायच्या. गाडीबरोबर आलेल्या जुन्या पावत्या, फोटो, वह्या यांना ते ‘इतिहास’ म्हणायचे. इतिहास असलेली गाडी महाग जायची. मला हा शब्द फार आवडला होता.

हळूहळू गाड्या कुठून येतात ते कळलं. तिथे नोकरी गेली की माणसाला देश सोडावा लागतो, आणि हातात दिवस थोडे असतात. घरातलं सामान, फ्रिज, गाडी, सगळं मिळेल त्या भावाला जातं. कुठल्या कंपनीत माणसं कमी करणार आहेत ही बातमी आमच्या घोळक्यात फार लवकर पोचायची. मग कुणीतरी खजुराचा डबा घेऊन भेटायला जायचं. वाईट वाटलं म्हणायचं, थोडं बसायचं, उठताना सहज विचारायचं, गाडीचं काय करणार आहात.

मीही गेलो. केरळचा एक ड्राफ्ट्समन होता. त्याने एक पांढरी गाडी अकरा वर्षं स्वतःच्या हाताने राखली होती. प्रत्येक वेळी बदललेलं तेल, प्रत्येक वॉशर, एका वहीत बारीक अक्षरात लिहिलेलं. व्यवहाराच्या दिवशी त्याने गाडी धुऊन, टाकी भरून ठेवली होती. त्याने किंमत सांगितली. मी काही बोललो नाही, नुसता गाडीकडे बघत राहिलो. त्याने स्वतःच किंमत कमी केली. मी तरीही गप्प. त्याने पुन्हा कमी केली. शेवटी किल्ली देताना म्हणाला, “कधीकधी फोटो पाठवाल ना?” मी हो म्हणालो. सहा महिन्यांनी मी ती गाडी त्याच्या वहीसकट विकली. भाव आला तो त्या वहीमुळे. फोटो मी एकही पाठवला नव्हता.

यावर घोळक्यातल्या एकाने माझ्या पाठीवर थाप मारली होती. मला ती थाप गोड लागली होती.

मग डिसेंबरच्या सुट्टीत पालघरला आलो असताना बोईसरच्या मिस्त्रीचा फोन आला. हा मिस्त्री माझ्या कारखान्यातल्या दिवसांपासून ओळखीचा. कारखान्यांच्या पट्ट्यात त्याची पत्र्याची शेड होती. मी त्याला सांगून ठेवलं होतं की आपल्या भागात कुणाच्या वाडीत, कुणाच्या पडवीत जुनी गाडी पडली असेल तर कळव.

“सायेब, माहीमला एक हाय,” तो म्हणाला. “डुक्कर गाडी. पोरगा कॅनडात असतो, त्याला इकायची हाय.”

ही गोल नाकाची, उलट्या उघडणाऱ्या पुढच्या दारांची गाडी. आमच्याकडे तिला सगळे डुक्कर म्हणत. मी शर्ट बदलला, चुंबक खिशात टाकलं आणि मिस्त्रीच्या मोटारसायकलवर मागे बसलो.

केळव्याला लागून असलेल्या माहीमच्या वाडीत, चिकूच्या झाडांमागे, नारळाच्या झापांनी शाकारलेल्या मांडवात ती उभी होती. राखाडी रंगाची. आणि तिच्यात एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा स्वच्छ शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस ओले करून विंचरलेले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर सरळ पुढे, जिथे केळीची रांग होती.

त्यांची बायको खुडलेली विड्याची पानं निवडत बसली होती. ती उठून आली. सत्तरीच्या पुढची, बारीक, चटपटीत बाई.

“रोज बसतात,” ती म्हणाली. “सकालची आंगोल झाली का दोन तास. मग आपलेच उतरतात. डोक्यातलं सगलं गेलंय त्यांच्या. माझं नाव पन घेत नाय. पन गाडीत बसले का शांत असतात. तेवढ्यात माझी पानं होतात, सैपाक होतो.”

“कुठे जातात ते गाडीने?” मी हसत विचारलं.

“टेसनला. याच गाडीतनं पानांचे करंडे न्यायचे ना पालघरला, आगगाडीवर चढवायला. तीस वर्सं नेले.”

मी जवळ गेलो. चुंबक फिरवलं. दारं, मडगार्ड, छप्पर, सगळीकडे घट्ट चिकटलं. पत्रा मूळचा, काचा मूळच्या, हँडलवरचा मुलामासुद्धा शाबूत. मला तळाचा पत्रा बघायचा होता. समुद्राकाठच्या गाड्या तिथेच आधी सडतात. म्हाताऱ्यांच्या पायाखाली चटई होती.

“काका, जरा पाय वर घ्या,” मी म्हणालो.

केर काढताना लहान मूल घेतं तसे त्यांनी दोन्ही पाय मुकाट्याने वर घेतले. मी त्यांच्या गुडघ्यांखालून हात घातला, चटई उचलली, खाली टॉर्च मारला. तळ कोरडा होता. माझं डोकं त्यांच्या मांडीला टेकलं होतं. गाडीत सुकलेल्या पानांचा वास भरून राहिला होता, हिरवट, तिखट. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या क्षणी मला फक्त आनंद झाला होता, ही गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. आज त्या वाकलेल्या माणसाची किळस येते आणि तो माणूस मी आहे.

“कोनाचा रे तू?” काकीने विचारलं.

“पालघरचा, काकी. स्टेशनजवळ राहतो.” केळव्याचा म्हटलं असतं तर ओळख निघाली असती, आणि ओळखीत भाव पाडता येत नाही.

कॅनडातल्या मुलाशी मी व्हिडिओ कॉलवर बोललो. तो बोलायला बरा होता. “आई हळवी आहे, तिच्याशी किमतीचं काही बोलू नका,” तो म्हणाला. “बाबांना आता काही कळत नाही. तो मांडव काढून तिथे त्यांच्यासाठी संडास-बाथरूम बांधायचंय. परसातलं लांब पडतं त्यांना.”

काका रोज दोन तास गाडीत बसतात हे त्याला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. मी सांगितलंही नाही. इकडेही मी गप्प राहिलो आणि त्याने दोनदा किंमत कमी केली.

दुसऱ्या खेपेला मी काकीकडे जुने फोटो मागितले. गाडीबरोबरचे असतील तर बघायला आवडतील म्हणालो. तिने ट्रंकेतून अल्बम काढला. काळ्या पानांवर कोपऱ्यांत अडकवलेले फोटो. एकात गाडीला झेंडूचे हार, एकात टपावर पानांनी भरलेले बांबूचे करंडे रचलेले, एकात ती स्वतः उलट्या दारापाशी उभी, कडेवर तान्हं मूल.

“बगून परत देशील ना?”

“देतो की.”

मी तिन्ही फोटो घेऊन गेलो.

गाडी न्यायच्या दिवशी मनोरवरून टोईंगचा ट्रक मागवला होता. आम्ही नऊ वाजता पोचलो तेव्हा काका गाडीत होते.

“सायेब, दुपारी येऊ ना,” मिस्त्री हळूच म्हणाला. “उतरतील ते तवर.”

मला त्याच दिवशी विमान होतं. मी म्हणालो, आत्ताच न्यायची. मी दार उघडून त्यांच्या हाताला धरलं. त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. म्हाताऱ्या हातात एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. मी एक बोट सोडवलं की दुसरं परत मिटायचं. मग त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे वळून विचारलं, “टेसन आलं?”

“हो काका, आलं,” मी म्हणालो.

त्यांनी लगेच हात काढले आणि उतरले. मागच्या सीटकडे वळून करंडे शोधायला लागले. काकी त्यांना धरून पडवीत घेऊन गेली. ट्रकच्या साखळीने गाडी ओढली जात होती तेव्हा काकी परत बाहेर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली.

“तुजी आई केलव्याची ना?” ती म्हणाली. “शालेत माज्या एक यत्ता पुढं होती. नाकावरनं वलखलं मी तुला पयल्या दिवशीच.”

मी मान हलवली.

“सांगितलं असतंस तर चा तरी धड केला असता.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मी ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसलो आणि बोईसर येईपर्यंत मोबाइलमध्ये बघत राहिलो.

मस्कतला गेल्यावर मी फोटो जाड कार्डावर चिकटवून लॅमिनेट केले आणि गाडीची एक छान फाइल तयार केली. शुक्रवारी ती सगळ्यांना दाखवली. म्हाताऱ्यांची गोष्टही सांगितली. ते रोज कसे बसायचे, स्टेशन आलं म्हटल्यावर कसे उतरले. मी ती रंगवून सांगितली. लोक कॉफीचे कप हातात धरून ऐकत होते. एक जण म्हणाला, किती सुंदर, हे लिहून फाइलमध्ये लाव. आणि मी त्या रात्री ते खरंच लिहायला बसलो. पहिल्या दोन ओळी लिहून थांबलो. लिहिताना ते सुंदर होईना.

पण तेवढ्यावर मी काही जागा झालो नाही. बोईसरला मिस्त्रीने गाडी खोलायला घेतली होती. त्याने फोनवर विचारलं, सीटमधला काथ्या तसाच ठेवू का, पानांचा वास लई मारतो. मी म्हणालो, सगळं काढ, नवीन भर. तो वास काढून टाक.

दोन महिन्यांनी बायकोचा फोन आला. ती कुणाच्या तरी पूजेला माहीमला गेली होती.

“ती गाडी तुम्ही कुणाकडून घेतलीत?” तिने विचारलं.

मी सांगितलं.

“त्या माणसाला लोक दोनदा रस्त्यावरून परत घेऊन आले. एकदा पालघरच्या वाटेवर सापडले, अनवाणी. पाय फुटले होते. गाडी शोधत होते. ती बाई आता त्यांना एक मिनीट सोडू शकत नाही. तुम्हाला माहीत होतं ते बसतात म्हणून?”

“हो.”

तिने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “तुम्ही तिथे काय खाता, काय पिता, कुणात बसता, मी कधी विचारलं नाही. पण असे कधीपासून झालात?”

तिने फोन ठेवला. मी आठवड्याच्या आत रजा काढून आलो.

पालघरला बॅग टाकून सरळ बोईसर गाठलं. मिस्त्रीच्या शेडमागून एक नाला वाहतो. त्याचं पाणी कधी तांबडं, कधी काळपट असतं आणि वास असा की आठ वर्षं त्या भागात काम करूनही मला त्याची सवय झाली नव्हती. त्या वासातच गाडी उभी होती. म्हणजे तिचा सांगाडा. रंग खरवडलेला, दारं भिंतीला टेकवलेली, इंजिन मशीनच्या दुकानात तुकड्यांत. सीटच्या स्प्रिंगा उघड्या पडल्या होत्या. काथ्या कुठे आहे विचारलं तर मिस्त्रीने नाल्याकडे बोट केलं. काठाला अडकलेला थोडा ढीग अजून दिसत होता, तांबड्या पाण्यात भिजून फुगलेला. मी भिंतीला हात टेकून ओकलो.

“तुमीच बोलले सायेब, वास काढून टाक म्हणून,” मिस्त्री म्हणाला. तो घाबरला होता. त्याची काही चूक नव्हती.

मी त्याला सांगितलं, जशी होती तशी कर. तो म्हणाला, होती तशी आता नाय होनार, दिसायला करतो. पंधरा दिवस आम्ही दोघांनी काम केलं. सीट भरून शिवल्या, दारं बसवली, राखाडी रंगाचा हात दिला. इंजिन बसवलं नाही. ते कुणाला लागणार नव्हतं.

मी आणि मिस्त्रीने गाडी ट्रकवर घालून परत माहीमला नेली. मांडव अजून तिथेच होता, संडास बांधला गेला नव्हता. काकी हात पुसत उठून आली. मी फाइलमधले फोटो तिच्या हातात दिले. तिने कडेवर मूल असलेला फोटो उलटा केला. मागे पांढरं कार्ड होतं, वर प्लास्टिक.

“मागं त्यांनी लिवलं होतं,” ती म्हणाली.

मी ते कधी उलटवून पाहिलंच नव्हतं. चिकटवताना डिंक लावला तेव्हासुद्धा अक्षरांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

मग तिने काकांना आणलं. तेच केस विंचरलेले, पण पायाला दोन ठिकाणी पट्ट्या. त्यांनी गाडी पाहिली आणि भराभर चालत आले. मला वाटलं, झालं, सुटलो. त्यांनी दार उघडलं, डोकं आत घातलं आणि लगेच बाहेर काढलं. शर्टाच्या बाहीने नाक दाबून धरलं. आत थिनरचा, नव्या रेक्झिनचा, आणि मला वाटतं त्या नाल्याचाही वास होता.

“ही नाय,” ते म्हणाले.

काकीने त्यांना समजावलं. मिस्त्रीने समजावलं. त्यांनी पुन्हा एकदा वाकून हुंगलं. चेहरा असा केला की जणू कुणी सडकी मासळी पुढे केली. “ही नाय,” ते पुन्हा म्हणाले आणि वळून पडवीकडे गेले.

मला त्यांचा राग आला नाही. इतक्या दिवसांत बरोबर परीक्षा करणारा तो एकच माणूस होता.

“काढून नेऊ का?” मी काकीला विचारलं.

“ऱ्हाऊ दे. कोंबड्यांना होईल.”

पैसे परत मागायचा प्रश्न नव्हता. मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. बाबा गाडीत किती वेळ बसायचे, हे त्याने दोनदा विचारलं. मग म्हणाला, मला आईने बसण्याचं कधी सांगितलं नव्हतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्याला खोटं ठरवून माझ्या वाट्याचा दोष काही कमी होणार नव्हता.

मस्कतला परतल्यावर हिरवी गाडीही विकली. घ्यायला आलेला माणूस प्रेमाने दारावर हात फिरवत होता आणि मला त्याच्याकडे बघवेना. त्याने सांगितलेल्या पहिल्याच किमतीला मी हो म्हटलं, तर तो उलट संशयाने बघायला लागला. केरळच्या ड्राफ्ट्समनचा नंबर शोधला, तो बंद झाला होता. शुक्रवारच्या घोळक्यातून मी बाहेर पडलो. आता कंपनीच्या बसने कामावर जातो.

बायको दर गुरुवारी माहीमला जाते. सकाळी दोन तास काकांजवळ बसते, म्हणजे काकीला पानं खुडता येतात. ती काकांना वर्तमानपत्र वाचून दाखवते, तेही ऐकल्यासारखं करतात. एकदा फोनवर मी म्हणालो, फार बरं करतेस, मला जरा हलकं वाटतं.

“तुमच्यासाठी नाही जात मी,” ती म्हणाली आणि मुलीच्या फीचं विचारायला लागली.